मर्सराइज्ड दोऱ्यावर प्लास्टिक नसतं

सदाशिव पेठेतल्या आमच्या क्रोशाच्या वर्गाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच संदेश चारदा आला. मर्सराइज्ड म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेला, चमकदार सुती दोरा. त्याबद्दलचा मजकूर थोडक्यात असा: 'मर्सराइज्ड दोरा सुती नसतोच. कापूस कॉस्टिक सोड्यात जाळून वर प्लास्टिकचा थर देतात, म्हणून तो चमकतो. तो घाम टिपत नाही, कमजोर असतो, सोडा आत राहतो. बाळाला घालू नका. खात्रीसाठी साधा दोरा घरीच सोड्यात बुडवून बघा.' वर्गातल्या एका बाईंनी नातवासाठी अर्धं विणलेलं टोपडं उसवलं. मी वीस वर्षं सूत रंगवत आले आहे, त्यामुळे गप्प राहवेना.

आधी तो 'थर'. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. बोंड उकलून तंतू वाळला की आतली पोकळी दबते, म्हणून त्याचा आडवा छेद घेवड्याच्या दाण्यासारखा असतो. साधारण २० टक्के कॉस्टिकच्या थंड द्रावणात तो मिनिटभर राहिला की फुगतो, पीळ सुटतो, छेद गोलसर होतो. अशा गुळगुळीत कांडीवरून उजेड एकसारखा परततो, तीच ती चमक. पण सूत ताणून धरलं तरच. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या जॉन मर्सरला हा बदल १८४४ मध्ये दिसला, १८५० मध्ये त्याने पेटंट घेतलं. त्याचं कापड सैल असल्यामुळे आटायचं, आणि आज आपण पाहतो ती चमक त्याला मिळाली नाही. ती मिळवली होरेस लोने, १८९० च्या सुमारास, ताण देऊन. सोडा तोच होता. चमक थराची असती तर मर्सरचं सैल कापडही तसंच चमकलं असतं.

'सुती नसतोच' हे तर साफ चूक. कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या कड्यांच्या लांब साखळ्या. थंड सोडा त्या तोडत नाही. तो साखळ्यांच्या मधे शिरतो आणि त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सोडवतो. धुऊन सोडा निघाला की साखळ्या पुन्हा जुळतात, पण निराळ्या मांडणीत: आधी सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आता शेजारणीची उलट. पहिल्या मांडणीला सेल्युलोज १ म्हणतात, दुसरीला सेल्युलोज २. दुसरी अधिक स्थिर, ती आपोआप मागे फिरत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सूत तेच, वीण बदलली.

घाम टिपण्याचं उलटंच आहे. घट्ट रचलेला भाग कमी झाल्यामुळे पाण्याला आत जास्त जागा मिळते. रंगालाही मिळते. एकाच भांड्यात साधी लडी आणि मर्सराइज्ड लडी घातली तर दुसरी गडद निघते, दरवेळी. ताणून केलेलं सूत सहसा मजबूतही होतं. शिवणाचा सुती दोरा मर्सराइज करतात ते यासाठीसुद्धा.

सोडा राहतो का? कारखान्यात सूत धुतात, उरलेला सोडा सौम्य आम्लाने मारतात, पुन्हा धुतात. (काळजी करायचीच तर त्या सांडपाण्याची करावी.) तरी शंका असेल तर नवा दोरा, साबण न लावता, ओला करून त्यावर हळद चोळा. साबणाने हळदीचा डाग लाल होतो तसा सोड्यानेही होतो. त्या बाईंचा दोरा मी असाच तपासला, पिवळाच राहिला. प्लास्टिकची शंका असेल तर तुकडा चिमट्यात धरून जाळा. सुताला जळत्या कागदाचा वास येतो, मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

संदेशातली शेवटची सूचना मात्र कुणीही पाळू नये. कॉस्टिक सोडा म्हणजे धुण्याचा सोडा नव्हे, तो तुंबलेली मोरी मोकळी करायचा आहे. पाण्यात पडताच तो तापतो, शिंतोडे उडतात, कातडी आणि डोळे भाजतात. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात घातला तर पातेलं खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन सोडतो. कुणी पुडी आणलीच असेल तर ती तशीच बंद, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. डोळ्यात उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली डोळा बराच वेळ धरा आणि तडक दवाखाना गाठा.