हे दही असूच शकत नाही

आंबट लागलं की माझा डावा डोळा आपोआप मिटतो. लहानपणापासूनची खोड आहे. त्यामुळे फ्रोझन योगर्टच्या दुकानात, चवीपुरत्या दिलेल्या अंगठ्याएवढ्या कपातला पहिला चमचा तोंडात गेल्यावर काउंटरवरच्या मुलीचा जो गैरसमज झाला, त्यात माझा काडीचाही दोष नव्हता. खुलासा बायकोने केला. "त्याला आंबट लागलंय," ती म्हणाली, "बाकी काही नाही."

आणलं होतं लेकीने. तिच्या वर्गातले सगळे म्हणे 'फ्रोयो' खातात.

"म्हणजे गोठवलेलं दहीच ना?" मी विचारलं होतं.

"दही नाही बाबा, योगर्ट!" दही म्हणजे योगर्टचा कुणीतरी गरीब चुलतभाऊ आणि चारचौघांत त्याची ओळख द्यायची नसते, असा तिचा सूर होता.

आत सगळं पांढरंशुभ्र, मधूनमधून पोपटी आणि गुलाबी खुर्च्या. दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटत होतं. भिंतीत ओळीने यंत्रं, प्रत्येकाला दांडा. आपला कप आपणच भरायचा. काम आपण करायचं आणि त्याचे पैसेही आपणच द्यायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याची झोप किती गाढ असेल!

कप एकाच मापाचा, आणि ते माप बादलीचं. तळाशी दोन चमचे घेऊन थांबावं तर कुणीतरी उष्टं टाकून गेल्यासारखं दिसतं. म्हणून हात थांबत नाही. मी दांडा ओढला. आधी काहीच झालं नाही. मग यंत्राने घसा खाकरला आणि एकदम सगळं बाहेर आलं. अशा वेळी कप गोल फिरवायचा असतो, म्हणजे वर छान कळस येतो. लेकीच्या कपात तो आला. माझ्या कपात योगर्टने बसकण मारली आणि एक पाय बाहेर सोडला. घाबरून मी दांडा वर ढकलला, तर शेवटचा थेंब मनगटावर.

हे वेड आलं कुठून, ते मी रांगेत उभ्याउभ्या फोनवर शोधून काढलं. (रांग लांब होती, वाचन भरपूर झालं.) १९८१ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, लिटल रॉक इथे एक दुकान निघालं. त्याचं नावच 'दिस कान्ट बी योगर्ट', म्हणजे 'हे दही असूच शकत नाही'. तेव्हा ही स्तुती होती. गोठवलेलं दही विकायचं, पण ते दही आहे याची जिभेला शंकाही येऊ द्यायची नाही, अशी तेव्हाची रीत. आइस्क्रीमची तहान दह्यावर भागवायची, मात्र ताकाला जाऊन भांडं लपवायचं. त्यांच्या एका स्पर्धकाच्या नावाचा अर्थ होता 'हे दही आहे यावर माझा विश्वासच बसत नाही'. तो कोर्टात गेला. आपल्या मालावर जास्त अविश्वास कुणाचा, यावरून दोन दुकानं भांडली! शेवटी पहिल्याला नाव बदलावं लागलं. आद्याक्षरं तीच ठेवून त्याने 'द कंट्रीज बेस्ट योगर्ट' असं नवं बारसं केलं.

मग वारं फिरलं. दक्षिण कोरियात २००२ मध्ये 'रेड मँगो' निघालं, आणि २००५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट हॉलिवूडमध्ये 'पिंकबेरी'. यांनी आंबटपणा लपवला नाही, तोच विकायला काढला. लोक रांगा लावू लागले. गाड्या लावायला जागा नाही म्हणून शेजारीपाजारी वैतागले. आणि २००७ मध्ये पिंकबेरीवर दावा झाला, कशाबद्दल, तर हे दही नाहीच! १९८१ मध्ये जे दुकानाच्या पाटीवर मिरवलं, तेच सव्वीस वर्षांनी फिर्यादीत लिहिलं गेलं. पुढच्या वर्षी कंपनीने तडजोड करून प्रकरण मिटवलं. मला मात्र त्या फिर्यादीबद्दल आपुलकी वाटू लागली होती.

तोवर आम्ही टॉपिंगपाशी पोचलो होतो. फळांचे तुकडे, बिस्किटांचा चुरा, चॉकलेटचे मणी, आणि दाताखाली फट्‌कन फुटणारे रसाचे गोळे. वजनावर विक्री असल्यामुळे प्रत्येक ग्रॅमची किंमत सारखी, मग ते योगर्ट असो की कलिंगड. आणि कलिंगड म्हणजे बहुतेक पाणीच! मी हिशोबी माणूस, हलकं ते घ्यायचं ठरवलं. लेकीने तसलं काही ठरवलं नव्हतं. तिने आंबट योगर्टवर चॉकलेट, त्यावर बिस्किट, त्यावर पुन्हा चॉकलेट आणि शेवटी कॅरॅमलची धार सोडली. 

"अगं, मग आंबट कशाला घेतलंस?"

"ते हेल्दी असतं."

काट्यावर कप ठेवताना मी नकळत श्वास रोखला. जणू त्याने वजन कमी भरणार होतं. आकडा पाहून बायको म्हणाली, "एवढ्या वजनाची तर मी पर्सही घेत नाही."

आता चवीबद्दल. नुसतं, टॉपिंगशिवायचं योगर्ट, खरं सांगायचं तर, चांगलं होतं. पहिल्या चमच्याला डोळा मिटला, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला मी दोन्ही डोळ्यांनी खात होतो. थंडगार, स्वच्छ, जिभेला जागं करणारं. पण मोजून सहा चमचे, बस्स. सातव्यापासून आपण खात नाही, संपवतो. आणि अर्ध्या तासाच्या रांगेच्या लायकीचं? छे. आंबट लागतं म्हणून साखर नसेल, हाही भ्रमच. साखर तर असतेच, आंबटपणा तिला फक्त पदराआड ठेवतो.

मला मात्र छळत होती भिंतीवरची पाटी : 'लाइव्ह अँड ॲक्टिव्ह कल्चर्स'. म्हणजे जिवंत आणि कामावर हजर असे जिवाणू. अमेरिकेतल्या योगर्टवाल्यांच्या संघटनेने त्यासाठी शिक्काच काढला होता : गोठवलेल्या योगर्टमध्ये, ते तयार होताना, ग्रॅममागे किमान १ कोटी जिवाणू हवेत. जिवंत असतील, पण शून्याखाली सहा-सात अंशांत कामावर कोण हजर राहतं? फार तर रजेवर असतील. आणि दही जिवंत आहे की नाही, हे पाहायला पाटी कशाला हवी? विरजण लावायचं.

लेकीने अर्थातच निम्मा कप टाकला होता. चॉकलेटचा ढिगारा उपसून मी खालचं पांढरं योगर्ट वाचवलं, घरी आणलं आणि वितळल्यावर दोन चमचे कोमट दुधात ढवळून झाकून ठेवलं.

"तू नक्की काय सिद्ध करतोयस?" बायकोने विचारलं.

"सत्य."

"मग सत्यावर ताटली ठेव. मुंग्या येतील."

रात्री मी दोनदा उठून भांडं हलवून पाहिलं. विरजलेलं भांडं हलवायचं नसतं, हे ठाऊक असूनही. सकाळी झाकण काढलं, तर दही लागलं होतं! थोडं सैल, पण कड सोडणारं, आणि मधोमध चॉकलेटचा एक मणी बुडालेला. रजेवरचे सगळे कामावर परतले होते. फिर्यादीशी माझं नातं तिथेच तुटलं.

मग मला चेव आला. दही घरात, फ्रीजर घरात, दुकानाचं नडलंय काय? अर्धं भांडं फ्रीजरमध्ये ढकललं आणि संध्याकाळी दोघींना समारंभपूर्वक टेबलाशी बसवलं. यंत्रातलं पातं मिश्रण सतत खरवडत असतं, त्यात हवा भरत असतं, आणि साखर ते दगड होऊ देत नाही, हे सगळं मी नंतर वाचलं. त्या क्षणी मी फक्त चमचा खुपसला. दह्यावर ओरखडासुद्धा उठला नाही. जोर लावला तर चमचा मानेपाशी वाकला.

लेकीने तो माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला, भांड्याशेजारी ठेवला आणि चपला घालायला गेली.