झांगीफ, हॅगर, किंग: यांना डब्ल्यूडब्ल्यूएफची नक्कल म्हणू नका

गेम खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘स्ट्रीट फायटर’, ‘टेकन’ यांसारख्या फायटिंग गेममधले कुस्तीगीर ही सगळी डब्ल्यूडब्ल्यूएफची (अमेरिकेतल्या टीव्ही-कुस्तीची कंपनी, आताची डब्ल्यूडब्ल्यूई) कार्टून आहेत. तिथल्या हल्क होगन या एकाच कुस्तीगीराला रंग बदलून बदलून वापरलं. ‘स्ट्रीट फायटर’मधल्या झांगीफच्या मागे कुणी खरा माणूस नाही, तो अमेरिकी टीव्हीवरच्या रशियन खलनायकांची नक्कल आहे. ‘फायनल फाइट’मधला हॅगर म्हणजे पुढे महापौर झालेला अमेरिकी कुस्तीगीर जेसी व्हेंचुरा. ‘टेकन’मधलं किंग हे पात्रच मुळी एका हॉलिवूडपटातून उचललेलं. या लोकांचे डाव खऱ्या कुस्तीत अशक्य आहेत. आणि शेवटी, आपल्या आखाड्याचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नाही.

लिहिणाऱ्याला कुस्तीबद्दल आदर आहे, हे मजकूर वाचताना जाणवतं. मातीतल्या कुस्तीला कुणी तमाशा समजू नये, ही त्याची तळमळ मला पटते. पण त्या तळमळीपायी त्यानं खऱ्या माणसांना पुसून टाकलंय. ती माणसं कोण होती, हे सांगणं मला गरजेचं वाटतं.

‘सगळे होगनचेच अवतार’

होगनचा ठसा आहे, हे नाकारायचं कारण नाही. १९९२च्या ‘वर्ल्ड हीरोज’मधला मसल पॉवर बघताच कुणालाही होगन आठवेल. ‘डेड ऑर अलाइव्ह’मधला बास आर्मस्ट्राँगही त्याच घडणीचा. पण मजकुरात एक साधी गोष्ट सुटली आहे. हे गेम अमेरिकेत बनले नाहीत. ‘स्ट्रीट फायटर’ची कॅपकॉम आणि एसएनके या कंपन्या ओसाकाच्या, ‘टेकन’ची नामको टोकियोची. तिथल्या लोकांना कुस्ती दिसली ती जपानच्या टीव्हीवर. १९७२ साली अँतोनियो इनोकीनं न्यू जपान आणि जायंट बाबानं ऑल जपान या दोन कुस्ती संस्था काढल्या. पुढची कितीतरी वर्षं न्यू जपानच्या लढती तिथं शुक्रवारी रात्री आठ वाजता, घराघरांत पाहिल्या जायच्या.

होगनसुद्धा जपान्यांना तिथंच भेटला. २ जून १९८३ रोजी त्यानं टोकियोत इनोकीला बेशुद्ध पाडून न्यू जपानची पहिली आयडब्ल्यूजीपी लीग जिंकली. डब्ल्यूडब्ल्यूएफचा पट्टा त्याच्या कमरेला आला तो त्यानंतर, जानेवारी १९८४मध्ये. आंद्रे द जायंट या महाकाय फ्रेंच कुस्तीगीराचंही तसंच. तो १९७० सालीच जपानच्या दौऱ्यावर येऊन गेला होता आणि नंतर वर्षानुवर्षं येत राहिला. ‘फायनल फाइट’मधल्या अँडोरेचं नाव आणि अंग दोन्ही त्याचंच, आणि त्यातूनच पुढे ‘स्ट्रीट फायटर ३’चा ह्यूगो उभा राहिला.

सगळ्यात ठळक उदाहरण एसएनकेच्या ‘फेटल फ्युरी’मधल्या रायडेनचं. अवाढव्य देह, तोंडावर मुखवटा. बघताक्षणी बिग व्हॅन व्हेडर हा अमेरिकी कुस्तीगीर डोळ्यांपुढे येतो. व्हेडर न्यू जपानमध्ये उतरला डिसेंबर १९८७मध्ये. इनोकीला त्यानं काही मिनिटांत हरवलं आणि संतापलेल्या प्रेक्षकांनी सभागृहात दंगल केली. रायडेन आला १९९१मध्ये. व्हेडरनं डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये पाऊल ठेवलं जानेवारी १९९६मध्ये. मग रायडेन डब्ल्यूडब्ल्यूएफची नक्कल कसा?

‘झांगीफच्या मागे खरा माणूस नाही’

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो.

अमेरिकी टीव्हीवरचे ‘रशियन’ खरोखरच बनावट होते. सोव्हिएत राष्ट्रगीत गाऊन प्रेक्षकांच्या शिव्या खाणारा निकोलाय व्होल्कॉफ मूळचा युगोस्लाव्हियातल्या स्प्लिटचा. निकिता कोलॉफ तर मिनेसोटाचा अमेरिकन. झांगीफ त्यांच्यावरून घेतला असता तर मजकुराचं म्हणणं मी मान्य केलं असतं.

पण १९८९ साली जपानमध्ये काय घडलं ते बघा. गोर्बाचेव्हच्या काळात सोव्हिएत संघाची दारं किलकिली झाली होती. इनोकीनं मॉस्कोशी बोलणी करून तिथले खरेखुरे कुस्तीगीर आणि ज्यूदोपटू जपानला आणले. २४ एप्रिल १९८९ रोजी टोकियो डोममध्ये ते उतरले. त्यात शोता चोचिश्विली होता, १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमधला ज्यूदोचा सुवर्णविजेता. त्यानं त्या रात्री खुद्द इनोकीला हरवलं. सलमान हाशिमिकोव्ह होता, फ्रीस्टाइलच्या सर्वांत वजनदार गटात चार वेळा जगज्जेता. महिन्याभरात त्यानं व्हेडरला हरवून आयडब्ल्यूजीपीचा पट्टा घेतला. आणि त्यांच्यातच एक होता व्हिक्टर झांगिएव्ह.

‘स्ट्रीट फायटर २’ तयार होत असताना रशियन पात्राचं कच्चं नाव ‘व्होडका गोबाल्स्की’ असं होतं. ते नाव तसंच राहिलं असतं तर झांगीफ खरोखर कार्टून ठरला असता. ते खोडून तिथं एका खऱ्या पैलवानाचं नाव आलं. १९९१मध्ये गेम बाजारात आला आणि त्याच वर्षाअखेर सोव्हिएत संघ विसर्जित झाला. त्या देशातून आलेल्या कुस्तीगीराचं नाव मात्र जगभरच्या व्हिडिओ पार्लरमध्ये पोरांच्या तोंडी बसलं. आपल्याकडे नाण्यावर खेळणाऱ्या किती पोरांनी ते नाव घेतलं असेल!

सात फुटी उंची, अंगभर जखमांचे व्रण, अस्वलांशी कुस्ती हे सगळं गेमवाल्यांनी रचलं, हे खरंच. खरा झांगिएव्ह असा राक्षस नव्हता. पण तो आणि हाशिमिकोव्ह दोघेही कॉकेशसच्या मुलखातले. मॅटवर खेळणाऱ्या आपल्या कोणत्याही पैलवानाला विचारा, दागेस्तान, ओसेटिया, चेचन्या ही नावं तो आदरानंच घेईल. फ्रीस्टाइल कुस्तीची ती खाण आहे. गेममधल्या त्या लाल चड्डीतल्या माणसामागे हा मुलूख उभा आहे, आणि मजकूर म्हणतो की मागे कुणीच नाही.

‘हॅगर म्हणजे जेसी व्हेंचुरा’

इथं फार शब्द खर्चायला नकोत. कुस्ती सोडून महापौर झालेला माइक हॅगर ‘फायनल फाइट’मधून १९८९ साली आला. व्हेंचुरा मिनेसोटातल्या ब्रुकलिन पार्क गावाच्या महापौरपदाची निवडणूक जिंकला १९९०मध्ये, आणि खुर्चीवर बसला १९९१मध्ये. महापौर झालेला कुस्तीगीर गेममध्ये आधी आला, प्रत्यक्षात नंतर.

राजकारणात गेलेला कुस्तीगीरच शोधायचा असेल तर जुलै १९८९मध्ये इनोकी जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून आला होता. हॅगर त्याच्यावरून घेतला असं मी म्हणत नाही. नुसत्या साम्यावरून आणि सालावरून असा दावा करणं हीच तर त्या मजकुराची चूक आहे.

‘किंग हॉलिवूडपटातून उचलला’

मजकुराचा रोख २००६च्या ‘नाचो लिब्रे’कडे आहे. जग्वारच्या तोंडाचा किंग ‘टेकन’मध्ये आला १९९४ साली. म्हणजे हा मुद्दा बारा वर्षांनी चुकलाय.

पण खोडण्यापेक्षा खरी गोष्ट सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ती फार मोठी आहे. मेक्सिकोतले फादर सर्जिओ गुतिएरेझ बेनितेझ तरुणपणी अमली पदार्थांच्या आहारी गेले होते. त्यातून बाहेर पडून ते कॅथलिक धर्मगुरू झाले. अनाथ मुलांसाठी त्यांनी घर काढलं, पण ते चालवायला पैसा नव्हता. म्हणून त्यांनी पिवळा-लाल मुखवटा चढवला, ‘फ्राय टोर्मेंटा’ हे नाव घेतलं आणि लुचा लिब्रेच्या, म्हणजे मेक्सिकोतल्या मुखवट्यांच्या कुस्तीच्या, रिंगणात उतरले. वीसहून अधिक वर्षं ते लढत राहिले. मुखवट्याआड पाद्री आहे, हे सुरुवातीला कुणाला ठाऊक नव्हतं.

किंगची गोष्ट यावरच बेतलेली आहे. वाट चुकलेला अनाथ, त्याला सावरणारे धर्मगुरू, मुखवटा घालून लढणं, मिळालेला पैसा अनाथाश्रमाला देणं. पहिला किंग पुढे मारला जातो आणि त्याच्याच आश्रमात वाढलेला मुलगा तो मुखवटा चढवतो. यात जपानचा स्वतःचा धागाही आहे: १९६८ साली सुरू झालेल्या ‘टायगर मास्क’ या चित्रकथेतला कुस्तीगीरही अनाथाश्रमासाठीच लढतो. १९८१मध्ये सातोरू सायामा हा कुस्तीगीर तोच मुखवटा घालून न्यू जपानच्या रिंगणात उतरला, आणि कागदावरचा वाघ टोकियोत हाडामांसाचा झाला. मेक्सिकोचा पाद्री आणि जपानचा वाघ किंगमध्ये एकत्र आले आहेत. ज्यानं हे पात्र लिहिलं त्यानं कुस्ती मन लावून पाहिली असणार.

‘हे डाव खऱ्या कुस्तीत अशक्य’

काही अशक्यच आहेत. झांगीफ माणसाला कवटाळून हवेत गरगर फिरत खाली आपटतो, तसं पृथ्वीवर होत नाही. किंगचे काही डाव तर थेट चित्रकथांतून आले आहेत.

पण माणसाला कमरेला मिठी मारून उचलायचं, स्वतः मागे कमान टाकायची आणि डोक्यावरून पलीकडे फेकायचं, हा सुप्लेक्स ऑलिंपिकमधला डाव आहे. ग्रीको-रोमन कुस्तीत उंच कमानीच्या फेकीला एका दमात पाच गुण मिळतात. रशियाचा अलेक्झांडर कारेलिन जमिनीवर पालथ्या पडलेल्या, स्वतःच्याच वजनाच्या प्रतिस्पर्ध्याला कमरेला धरून उचलायचा आणि मागे फेकायचा. सर्वांत वजनदार गटात! १९८८, १९९२ आणि १९९६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं त्यानं जिंकली.

आणि डाव नुसते दिसण्यावर मोजायचे नसतात. गेमच्या नियमात कुस्ती कशी बसवली आहे तेही बघायला हवं. ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये ठोसा किंवा लाथ आली की स्टिक मागे ओढून अडवता येते. पकड अडवता येत नाही. हात वर करून बसलेल्या माणसाला झांगीफ तसाच उचलतो. पण त्यासाठी त्याला अंगाला भिडावं लागतं, आणि तिथं पोचेपर्यंत लांबून येणारा मारा सोसावा लागतो. म्हणून झांगीफ खेळणारा सगळा वेळ अंतर कमी करण्याच्या खटपटीत असतो: एक पाऊल पुढे, थांब, हुलकावणी दे, मग झेप. पट काढायला टपलेला पैलवान याहून वेगळं काय करतो? कुस्तीचा हा गाभा त्या गेमनं नियमातच घातला, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या फायटिंग गेमनी तो उचलला.

कराटेवाला, मुष्टियोद्धा आणि कुस्तीगीर यांना एका रिंगणात सोडायचं, ही कल्पनाही गेमच्या आधीची. २६ जून १९७६ रोजी टोकियोच्या बुडोकानमध्ये इनोकी मुहम्मद अलीशी पंधरा फेऱ्या लढला. ती लढत रटाळ झाली आणि बरोबरीत सुटली. १९८०मध्ये तो कराटेच्या विली विल्यम्सशी लढला. अशा वेगवेगळ्या विद्यांच्या लढतींची चटक जपानी प्रेक्षकांना ‘स्ट्रीट फायटर’च्या कितीतरी आधी लागली होती.

‘आपल्या आखाड्याचा काय संबंध?’

संबंध आहे, आणि तो घामाचा आहे.

न्यू जपानचा पहिला कार्यक्रम ६ मार्च १९७२ला झाला. त्यात इनोकीला हरवणारा माणूस होता कार्ल गॉच, इनोकीचा गुरू. जन्म बेल्जियममधला, १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बेल्जियमकडून खेळलेला, पुढे इंग्लंडमधल्या विगनच्या तालमीत तयार झालेला. सुप्लेक्सचा जो प्रकार जगभर ‘जर्मन सुप्लेक्स’ म्हणून ओळखला जातो, तो यानं रुळवला. गॉचच्या मेहनतीचा पाया होता आपले जोर, आपल्या बैठका आणि आपले मुद्गल. जपानी पोरांना त्यानं वजनं उचलायला लावण्याऐवजी शेकड्यांनी बैठका मारायला लावल्या. आजही जपानी कुस्तीच्या तालमीत नवा पोरगा आधी बैठकाच मारतो, आणि त्यांना ‘हिंदू स्क्वॉट’ असंच म्हणतो. टायगर मास्क झालेला सायामाही गॉचच्याच हाताखाली शिकला.

गॉचचा शिष्य इनोकी भारतीय उपखंडातल्या पैलवानांशी भिडलाही. डिसेंबर १९७६मध्ये कराचीत इनोकीची गाठ अक्रम पैलवानाशी पडली. अक्रम हा इमाम बक्षचा मुलगा, म्हणजे थोरल्या गामाचा पुतण्या. ज्या गामानं १९१०मध्ये लंडनला जाऊन झिबिस्कोसारख्या नामवंत मल्लाला अडीच तासांहून अधिक वेळ झुंजवलं, त्याच्या घरातला. इनोकीनं पेच घालून अक्रमचा हात निकामी केला. ती कुस्ती नुरा नव्हती.

मजकुराचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे, आणि त्याचं दुःखही आहे. आखाड्याची मेहनत त्या जगात पोचली, आखाड्याचे डाव पोचले नाहीत. ‘स्ट्रीट फायटर ईएक्स’ मालिकेत दारुण मिस्टर नावाचा भारतीय पैलवान आहे. आडवा-तिडवा, मिशाळ, अंगापिंडानं भक्कम. पण त्याच्या डावांत इंद्राचं नाव आहे, आपला आखाडा नाही. सोव्हिएत संघाचं पात्र करताना गेमवाल्यांनी खऱ्या पैलवानाचं नाव घेतलं. भारताचं करताना पुराणाशी थांबले. १९५२ला हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्य जिंकलं तेव्हा त्यांच्या गटात सुवर्ण जपानच्या इशीला आणि रौप्य सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हला मिळालं होतं. त्या दोन्ही देशांच्या कुस्तीला गेममध्ये माणसं मिळाली. आपल्या खाशाबांच्या कुस्तीला अजून मिळायची आहेत.

जपानी कंपन्यांना आणि आता गेम बनवू लागलेल्या आपल्याकडच्या पोरांनाही माझी मागणी आहे. पुढचा भारतीय पैलवान रंगवाल तेव्हा आधी कोल्हापुरात खासबागेच्या मैदानावर एक निकाली कुस्ती बघा. त्याला ढाक द्या, कलाजंग द्या, घिस्सा द्या, धोबीपछाड द्या. आणि जसं झांगिएव्हचं केलंत, तसं त्याला एखाद्या खऱ्या मल्लाचं नाव द्या.