दोन फवाऱ्यांनी फेडर नवा होत नाही

गणपती जवळ आले की डीजेवाल्यांच्या ग्रुपवर फेडरचा, म्हणजे मिक्सरवर आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खुंटीचा, एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: "फेडर खरखरतोय? रिपेअरवाल्याला पैसे देऊ नका. फटीत डब्ल्यूडी-४० स्प्रेचे दोन फवारे मारा, फेडर वीस वेळा वर-खाली करा, मिक्सर नव्यासारखा. हा स्प्रे मशिनसाठीच बनलाय. महागडा फेडर क्लीनर म्हणजे तेच तेल, नुसता डबा वेगळा."

मी मिक्सर दुरुस्त करतो. विसर्जनानंतर माझ्या टेबलावर येणारे बरेच फेडर अशाच सल्ल्याने गेलेले असतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा खरा आहे: खरखर थांबते. म्हणून तर लोकांना मेसेज पटतो. पण ती का थांबते? फेडरच्या आत एका पातळ पट्टीवर कार्बनचा थर असतो आणि त्यावरून धातूची केसासारखी बारीक बोटं सरकतात, त्याला वायपर म्हणतात. थर आणि वायपर यांच्यामध्ये धूळ आली की संपर्क क्षणभर तुटतो, आणि तेच स्पीकरमधून ऐकू येतं. फवारा मारल्यावर कचरा बाजूला ढकलला जातो, आवाज साफ येतो. कचरा मात्र फेडरच्याच पत्र्याच्या डबीत राहतो. स्प्रेचा पातळ भाग उडून जातो, तेलाचा थर मागे उरतो. पट्टीशेजारच्या दांड्यावर कारखान्यात लावलेलं ग्रीस असतं, तेही यात धुऊन जातं. मग पुढच्या मिरवणुकीत गुलाल उडतो. कोरड्या फेडरमधला गुलाल ब्रशने झटकता येतो, तेलावर बसलेल्या गुलालाचा लेप होतो. गेल्या वर्षी एका पोराने मिरवणुकीच्या आदल्या रात्री कुठलासा तेलकट स्प्रे भरपूर मारला होता. नंतर तो फेडर मी उघडला तेव्हा आत अक्षरशः गुलाबी चिखल होता आणि त्या चिखलात वायपर फिरून फिरून कार्बनवर चरे पडले होते. कर्ज काढून घेतलेला मिक्सर होता त्याचा. त्याला काय सांगायचं, मला सुचेना.

"मशिनसाठीच बनलाय." हो, पण कुठल्या कामासाठी? १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने पाणी हटवून गंज रोखणारं द्रावण शोधलं. नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. ते पहिल्यांदा वापरलं गेलं ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्यावर. गेटची बिजागरी, गंजलेला नट, स्पीकर स्टँडचा अडकलेला स्क्रू यांना ते जरूर मारा, मीही मारतो. पण कार्बनच्या पट्टीला गंज चढतच नाही. जो आजार नाही त्याचं औषध तिला कशाला?

"तेच तेल, डबा वेगळा" याला माझ्यापेक्षा डब्ल्यूडी-४०ची कंपनीच चांगलं उत्तर देते. तिने कॉन्टॅक्ट क्लीनर, म्हणजे विजेचे जोड साफ करायचा स्प्रे, स्वतंत्र डब्यात, स्वतंत्र नावाने विकायला ठेवलाय. एकाने दोन्ही कामं भागली असती, तर दुसरा काढलाच नसता. आणि कॉन्टॅक्ट क्लीनरही सगळे सारखे नसतात. काही नुसते धातूच्या पिना-सॉकेटसाठी असतात. फेडरसाठी वेगळा मिळतो, डीऑक्सिट ब्रँडच्या फेडर स्प्रेसारखा. तो मळ काढतो आणि कार्बनला चालेल असं हलकं वंगणही सोडतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने मळ निघतो, पण वंगणही निघतं. नंतर ते परत द्यावं लागतं. हाताला लावायचं सॅनिटायझर अजिबात नको, त्यात पाणी आणि बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं.

आता मेसेजमध्ये न लिहिलेलं, पण सगळ्यांनी धरून चाललेलं गृहीतक: खरखर आली म्हणजे फेडरच बिघडला. माझ्याकडे धडधाकट फेडर घेऊन येणारे कमी नाहीत. घरी करता येईल अशी तपासणी सांगतो. हेडफोन लावा, खरखरणाऱ्या चॅनलचं (मिक्सरमधली एका गाण्याची वाट) क्यू बटण, म्हणजे ते चॅनल हेडफोनमध्ये ऐकायचं बटण, दाबा. क्यूचा आवाज चॅनल फेडरच्या आधीच उचललेला असतो. हेडफोनमध्येही खरखर येत असेल तर दोष फेडरच्या अलीकडे आहे: केबल, सॉकेट किंवा ट्रिमचा, म्हणजे आत येणारा आवाज बसवायचा, नॉब. हेडफोन साफ आणि फेडर हलवतानाच मास्टरवर, म्हणजे स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजात, खरखर, तर फेडर. काहीही न हलवता मास्टरवर येत असेल, तर आउटपुटच्या केबलपासून ॲम्पपर्यंत शोधा.

हल्लीच्या बऱ्याच मिक्सरमध्ये तर गाणं फेडरमधून जातच नाही. फेडर फक्त व्होल्टेज देतो आणि त्यावरून आतलं सर्किट आवाज कमी-जास्त करतं. तिथे मळ साचला की खरखर न येता आवाज मध्येच उडी मारतो, किंवा फेडर पूर्ण खाली आणूनही गाणं झिरपत राहतं. मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकावर चालणाऱ्या फेडरमध्ये कार्बनची पट्टीच नसते. तिथे स्प्रेने साफ काय करणार?

मग करायचं काय? आधी प्लग काढा. नॉब ओढून काढा, मिक्सरची वरची प्लेट खोला, फेडरचे स्क्रू आणि कनेक्टर सोडवून तो हातात घ्या. धूळ मऊ ब्रशने काढा. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, त्यात पाणी आणि तेल असतं. मग फेडर क्लीनर, तोही थोडासा. फेडर वर-खाली सरकवा, विरघळलेला मळ बाहेर ओघळू द्या, पूर्ण वाळू द्या. घाईत मिक्सर चालू करू नका, यातले बरेच स्प्रे पेट घेतात. ग्रीस लावायचंच तर दांड्यावर, पट्टीवर नाही. पट्टीवर झिजल्याची रेघ दिसली तर कुठलाच स्प्रे उपयोगी नाही, फेडर बदला. चॅनलचा बहुधा ६० मिलिमीटरचा आणि क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारा आडवा फेडर) ४५चा असतो, पण मापावर विसंबू नका, पार्ट नंबर बघून मागवा.

आणि चालू मिरवणुकीत क्रॉसफेडरच दगा देऊ लागला तर डबा शोधत बसू नका. चॅनलच्या ए-थ्रू-बी स्विचवर थ्रू करा. क्रॉसफेडर वाटेतून बाजूला होतो, रात्र चॅनल फेडरवर निभावता येते.