ते लाल-हिरवे नंबर ज्याने शोधून काढले त्याला आधी समोर आणा

डोकं फिरलंय राव, लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. विषय फँटसी फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या (NFL) खऱ्या खेळाडूंची आपण अ‍ॅपवर टीम लावायची आणि ते मैदानात जे करतील त्याचे पॉइंट आपल्याला.

काल रविवार, सीझनचा तिसरा आठवडा, इकडे न्यू जर्सीत मंडळाचा गणपती, शाळेच्या हॉलमध्ये आरती चालू आणि मी एका हाताने टाळ्या वाजवल्यासारखं करत दुसऱ्या हाताने फोन बघतोय, बायकोने दोनदा डोळे वटारले. आणि दिसलं काय तर बेंचवर बसवलेला (म्हणजे ज्याचे पॉइंट धरत नाहीत) माझा रनिंग बॅक, बॉल घेऊन पळणारा गडी, 7 कॅच, 110 यार्ड, एक टचडाउन. 24 पॉइंट. बेंचवर! आणि ज्याला खेळवला त्याने 40 यार्ड काढले, कॅच शून्य. 4 पॉइंट. मॅच हरलो 11 ने. करा हिशोब.

नावं घेत नाही कुणाची, बीपी वाढतं.

सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो माहितीये, बुधवारी रात्री मी टीम बरोबर लावली होती! रविवारी किकऑफच्या वीस मिनिटं आधी उगाच अ‍ॅप उघडलं तर ह्या बेंचवाल्यापुढे लाल नंबर (लाल म्हणजे समोरचा डिफेन्स अवघड, हिरवा म्हणजे सोपा), समोरचा डिफेन्स म्हणे रनिंग बॅकला कमी पॉइंट देण्यात तिसरा, आणि दुसऱ्यापुढे मस्त हिरवागार 29. हात शिवशिवले आणि केली अदलाबदल.

अरे पण दोन मॅच झाल्यात फक्त! त्या लालवाल्या टीमने दोन्ही मॅचमध्ये सुरुवातीलाच मोठी लीड घेतलेली, मग समोरचे बॉल हातात घेऊन पळत (ह्यालाच रन म्हणतात) कशाला बसतील, दिवसभर पासच मारणार ना, म्हणजे रन थांबवला कुणी, तर घड्याळाने. आणि हिरव्याचं पण तसंच, समोर डेरिक हेन्रीसारखा रनिंग बॅक, नुसता बैल आला (2024 ला 1921 यार्ड काढलेत त्याने) की कुठलाही डिफेन्स हिरवा दिसतो.

बरं नंबर खरा धरला तरी पॉइंट गेले कसे ते कुठे सांगतो तो? रनचे आणि कॅचचे पॉइंट एकाच पातेल्यात ढवळलेत. आमच्या लीगमध्ये फुल पीपीआर (पॉइंट पर रिसेप्शन) आहे, एक कॅच म्हणजे एक पॉइंट, म्हणजे 10 यार्ड पळाल्यासारखंच. आता एखाद्या टीमचे मधले धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतील तर मधून घुसणारा बॅक मेला, पण त्याच टीमचे लाइनबॅकर (त्या भिंतीमागचे गडी) जड पायाचे असतील तर कॅच घेणाऱ्याची दिवाळी. ब्रायन फ्लोरेससारखा कोच सारखा ब्लिट्झ पाठवतो, म्हणजे जादा माणसं थेट क्वार्टरबॅकवर (पास मारणाऱ्यावर) सोडतो, तिथे क्वार्टरबॅक घाईत बॉल बाजूला ढकलतो, तो कुणाकडे जातो, रनिंग बॅककडेच ना? विक फँजिओ ह्या दुसऱ्या कोचच्या स्टाइलमध्ये दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे राखणदार) खोल उभे, बॉक्समध्ये म्हणजे पुढच्या घोळक्यात माणसं कमी, तिथे सरळ मधून घुसणारा लागतो. पिच न बघता स्पिनर की फास्ट बोलर ठरवाल का? पण ह्या सगळ्याला रंग एकच, लाल नाहीतर हिरवा, सिग्नल आहे का तो?

त्यात माझा हिरवावाला एकदा टचडाउनपासून एक यार्डावर पोचला पण होता हो. मग सगळ्यांनी मिळून क्वार्टरबॅकला मागून ढकलून आत घातला, सहा पॉइंट त्याचे. रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कलीचे 2024 ला 2005 यार्ड पळून रनिंग टचडाउन 13 आणि त्याच टीमचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सचे 14, आता हे कुठल्या डिफेन्सकडे बघून ओळखायचं सांगा.

आणि हरलो कुणाशी, तर ड्राफ्टपासून (सीझनआधी खेळाडू निवडतो तेव्हापासून) टीमला हात न लावलेल्या माणसाशी. त्याला मॅच आहे हे पण ग्रुपवर आमच्याकडूनच कळलं, आणि रात्री मोदकाचा फोटो टाकून खाली लिहितो, "मी जिंकलो का?"

आत्ता परत अ‍ॅप उघडलं, सवय जात नाही. तो लाल डिफेन्स आता पिवळा झालाय. माझ्याच बेंचवरच्या माणसाने केला तो.