मेटफॉर्मिनची एवढी घाई नको
मेटफॉर्मिन ही मधुमेहाची साधी गोळी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये केमोला जोर देते, असं एका लेखात म्हटलंय. शक्यता नाकारत नाही. मेटफॉर्मिन पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाची ऊर्जानिर्मिती मंदावतं, त्यातून एएमपीके हे ऊर्जेची कमतरता ओळखणारं प्रथिन जागं होतं आणि पेशीच्या वाढीला चालना देणारा एमटॉर मार्ग दबतो. पण प्रयोगशाळेत पेशींना दिलेली मात्रा बरेचदा रुग्णाच्या रक्तात पोहोचते त्याच्या कितीतरी पट असते, हे लेखात कुठेच नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलच्या चाचणीत, इतर उपचार थकलेल्या ५० रुग्णांना ५-एफयू या केमोच्या औषधासोबत मेटफॉर्मिन दिलं. आठ आठवड्यांनी ११ जणांचा आजार आटोक्यात होता. तुलनेला दुसरा गटच नव्हता! स्तनाच्या कॅन्सरबाबत अशीच आशा होती, २०२२ च्या मोठ्या चाचणीत ती फोल ठरली.

आणि जुलाबांचं काय? मी स्वतः ही गोळी घेतो, सुरुवातीचे दिवस विसरलेलो नाही. त्यात इरिनोटेकान या केमोच्या औषधाने होणाऱ्या जुलाबांची भर पडली, अंगातलं पाणी कमी होऊन किडनीवर ताण आला, तर लॅक्टिक ॲसिडोसिसची, म्हणजे रक्तात लॅक्टिक ॲसिड धोकादायक प्रमाणात साचण्याची भीती. मधुमेह नसताना लेख वाचून परस्पर गोळ्या सुरू करू नका. आधीपासून घेत असाल तर ऑन्कॉलॉजिस्टला (कॅन्सरतज्ज्ञाला) सांगा, सीटी स्कॅनसाठी देतात त्या कॉन्ट्रास्ट डायच्या इंजेक्शनआधी तर नक्कीच.