मोटारहोमने फिरणाऱ्यांनी शहरे टाळू नयेत

मोटारहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन लांबच्या प्रवासाला निघणारी बहुतेक मंडळी मार्ग आखतानाच शहरे वगळून टाकतात. तळी, डोंगर, राष्ट्रीय उद्याने आणि समुद्रकिनारे यांची यादी भरगच्च असते. मोठे शहर आले की बाह्यवळण रस्त्याने ते मागे टाकायचे, एवढाच बेत असतो. 'आरव्ही (म्हणजेच मोटारहोम) हे निसर्गासाठी, शहरासाठी विमान आणि हॉटेल' असा एक समज या मंडळींत रुजलेला आहे. मला तो मान्य नाही. शहर सावकाश, थांबून आणि पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन पाहायचे असेल, तर स्वतःचे अंथरूण, स्वतःचे कपाट आणि स्वतःची चूल बरोबर असलेल्या प्रवाशाइतकी सोय दुसऱ्या कुणालाच नसते. अट एकच: गाडी शहराच्या वेशीवर थांबली पाहिजे आणि आत माणसांनी जायला हवे.

शहराची धास्ती वाटते ती उगाच नव्हे, हे आधी मान्य करतो. मोठ्या मोटारहोमची रुंदी साडेआठ फुटांपर्यंत असते, छतावरचे वातानुकूलन यंत्र धरून उंची बारा-तेरा फुटांवर जाते, आणि मागच्या चाकांच्या पलीकडे बराच भाग बाहेर आलेला असल्यामुळे वळताना गाडीची शेपटी विरुद्ध बाजूला झुकते. शहराचे जुने रस्ते या मापाने बांधलेले नसतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम शहरात ग्रेगसन स्ट्रीटवर रेल्वेचा एक पूल आहे. त्याच्याखाली ११ फूट ८ इंच जागा होती आणि त्याने इतक्या ट्रकांची आणि मोटारहोमची छते सोलून काढली की तो पूल त्याच आकड्याच्या नावाने जगभर ओळखला जाऊ लागला. २०१९ मध्ये तो ८ इंचांनी उचलण्यात आला, तरीही गाड्या त्याला धडकतच आहेत. बोस्टनमध्ये चार्ल्स नदीच्या काठाने जाणाऱ्या स्टॉरो ड्राइव्हवरचे पूल साधारण दहा फुटांचे आहेत. दर वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला, विद्यार्थी घरे बदलतात तेव्हा, भाड्याने घेतलेले उंच ट्रक तिथे हमखास अडकतात. न्यू यॉर्कच्या आसपासचे 'पार्कवे' म्हणवले जाणारे जुने रस्ते केवळ मोटारींसाठी आखलेले असल्यामुळे तिथेही ठेंगण्या कमानी आहेत. फोनवरचा नेहमीचा नकाशा तुम्हाला या सर्व ठिकाणी बिनदिक्कत घेऊन जातो, कारण तुमच्या गाडीची उंची त्याला ठाऊक नसते. म्हणूनच उंची फूट आणि मीटर अशा दोन्ही मापांत लिहिलेली चिठ्ठी चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवलेली असावी, आणि मार्ग मोठ्या गाड्यांसाठीच्या नकाशावर तपासलेला असावा.

उंचीइतकाच महत्त्वाचा, पण अनेकांना ऐन नाक्यावर कळणारा अडथळा म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या बंदराखालून जाणाऱ्या दोन्ही बोगद्यांमध्ये दहा पौंडांहून मोठ्या टाकीत प्रोपेन नेणाऱ्या वाहनांना मनाई आहे, आणि मोटारहोमची टाकी सहसा त्याहून मोठीच असते. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून बंदर ओलांडत. २६ मार्च २०२४ रोजी जहाजाच्या धडकेने तो पूल कोसळला, तेव्हापासून त्यांना शहराच्या पश्चिमेकडून वर्तुळाकार महामार्गाने मोठा वळसा घालावा लागतो. युरोपात आणखी वेगळे नियम आहेत. इटलीतल्या अनेक जुन्या शहरांच्या गाभ्यात परवान्याशिवाय वाहन नेता येत नाही. प्रवेशावर कॅमेरे असतात आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरी येऊन पोहोचते. लंडनमध्ये धुराच्या निकषात न बसणाऱ्या वाहनांवर आकारणी होते, आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून हा नियम महानगराच्या जवळपास संपूर्ण हद्दीला लागू आहे.

हे सगळे वाचून शहर टाळावे असे वाटले तर नवल नाही. पण नीट पाहिले तर यातला एकही अडथळा शहर पाहण्याच्या आड येत नाही. तो येतो गाडी शहरात घालण्याच्या आड. या दोन गोष्टी एकच आहेत असे धरून चालल्यामुळे माणसे शहरालाच मुकतात. मुक्कामाची जागा निवडताना नळाचा दाब किंवा वीजजोडणीची क्षमता पाहण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: इथून चालत जाता येईल अशा अंतरावर, किंवा एका छोट्या बसने पोहोचता येईल असे, मेट्रोचे, ट्रामचे किंवा बोटीचे स्थानक आहे का? असेल, तर जागा साधी असली तरी चालते.

अमेरिकेच्या राजधानीचे, वॉशिंग्टनचे, उदाहरण मला फार मोलाचे वाटते. शहराच्या ईशान्येला, मेरीलँडमध्ये, राष्ट्रीय उद्यान सेवेचे ग्रीनबेल्ट पार्क आहे. झाडीत मुक्कामाच्या जागा आहेत, वीज-पाण्याची थेट जोडणी नाही, डामडौल तर नाहीच. पण जवळच्या ग्रीनबेल्ट स्थानकातून मेट्रोची ग्रीन लाइन सुटते आणि गाडी न बदलता 'आर्काइव्ह्ज' स्थानकावर उतरता येते. तिथून वर आले की समोर राष्ट्रीय अभिलेखागार, जिथे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना मूळ स्वरूपात ठेवलेली आहे, आणि त्यापलीकडे नॅशनल मॉल, म्हणजे संसद भवनापासून लिंकन स्मारकापर्यंत सुमारे तीन किलोमीटर पसरलेली मोकळी हिरवळ. तिच्या दोन्ही बाजूंना स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेची संग्रहालये आहेत आणि त्यांना प्रवेशशुल्क नाही. लोकप्रिय संग्रहालयांत, उदाहरणार्थ हवाई व अंतराळ संग्रहालयात, वेळ नोंदवलेला मोफत पास लागतो. तो आधी काढून ठेवावा.

शुल्क नसण्याचा परिणाम केवळ खिशावर होत नाही, पाहण्याच्या पद्धतीवर होतो. हॉटेलात दोन रात्री काढणारा पाहुणा प्रत्येक संग्रहालय 'उरकतो', कारण त्याला परत यायचे नसते. मुक्काम लांबवता येणारा मोटारहोमवाला एका दालनात दोन तास बसू शकतो, दमला की परत जाऊन स्वतःच्या पलंगावर झोपू शकतो, आणि परवा पुन्हा त्याच दालनात येऊ शकतो. चित्रे, जीवाश्म किंवा जुनी विमाने पाहताना थकलेल्या पायांनी आणि घड्याळाकडे लागलेल्या डोळ्यांनी काहीच आत उतरत नाही, हे कोणत्याही संग्रहालयात दुपारी चारच्या सुमारास बाकांवर बसलेल्यांचे चेहरे पाहून कळते.

वेशीवरच्या मुक्कामाचा आणखी एक लाभ आहे, आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. शहराच्या कडेला स्वतःचा इतिहास असतो. ग्रीनबेल्ट हे गाव महामंदीच्या काळात अमेरिकी केंद्र सरकारने वसवलेल्या तीन नियोजित हरितपट्टा-नगरांपैकी एक आहे. १९३७ मध्ये तिथे पहिली कुटुंबे राहायला आली. रस्त्यावरची रहदारी टाळून शाळेपर्यंत आणि बाजारापर्यंत चालत जाता यावे म्हणून खालून पादचारी मार्ग काढलेली ती वसाहत आजही नांदती आहे, आणि त्या काळातले एक घर संग्रहालय म्हणून जपलेले आहे. त्याच परिसरात नासाच्या गोडार्ड अंतराळ केंद्राचे अभ्यागत दालनही आहे. राजधानी पाहायला आलेल्या किती पाहुण्यांच्या यादीत ही ठिकाणे असतील? मुक्काम तिथे असला की संध्याकाळच्या फेरफटक्यात ती आपोआप येतात, आणि शहर म्हणजे फक्त मधले चार स्मारकांचे चौक नव्हेत, हे कुणी न सांगता समजते.

व्हेनिसच्या बाबतीत तर मोटारहोमवाल्याची बाजू हॉटेलवाल्यापेक्षा सरस आहे, असे मी ठामपणे म्हणेन. तिथे मोटारीला जागाच नाही, त्यामुळे गाडी कुठवर न्यायची हा प्रश्नच मिटतो. मुख्य भूमीच्या काठावर फुसिना येथे किंवा खाडीच्या दुसऱ्या टोकाला पुंता साब्बियोनीजवळ मुक्काम करता येतो आणि दोन्हीकडून बोट मिळते. १८४६ मध्ये रेल्वेचा आणि १९३३ मध्ये मोटारींचा पूल होईपर्यंत व्हेनिसला येणारा प्रत्येक माणूस असाच पाण्यावरून येत असे. पाण्यातून हळूहळू वर येणारे मनोरे पाहण्यासाठीच ते शहर उभे केले आहे. आगगाडीच्या डब्यातून उतरणाऱ्याला पहिल्या भेटीत ते दिसत नाही. शिवाय दिवसाची गर्दी ओसरल्यावर थांबायचे की परतायचे, हे शेवटच्या बोटीची वेळ पाहून ठरवता येते, कारण सामान आवरायची घाई नसते.

गाडी थेट आकर्षणाच्या दारात नेण्यासारखी ठिकाणेही आहेत, पण ती मोजकीच. न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्कीचा आंतरराष्ट्रीय बलून महोत्सव हे त्यातले सर्वांत सुंदर उदाहरण. १९७२ मध्ये एका मॉलच्या वाहनतळावर गरम हवेचे १३ बलून जमले, तिथून त्याची सुरुवात झाली; आता दर ऑक्टोबरमध्ये नऊ दिवस शेकडो बलून उडतात, आणि मैदानाला लागूनच मोटारहोमसाठी राखीव जागा असतात. सगळा सोहळा पहाटेचा, कारण त्या वेळी हवा थंड आणि संथ असते. त्यामुळे अंधारात उठून, दार उघडून, अंगावर शाल घेऊन मैदानावर पोहोचणे ज्याला शक्य आहे त्याच्यासारखा नशीबवान प्रेक्षक नाही. शहरातून येणारे त्या वेळी वाहनांच्या रांगेत असतात. मात्र अशा जागा पुष्कळ आधी भरतात.

आत गेल्यावर शहर कसे पाहावे, याबद्दलही माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या दिवशी कोणतेही प्रसिद्ध ठिकाण ठरवू नये. शहराच्या सार्वजनिक वाहनाची एक पूर्ण फेरी करावी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. न्यू ऑर्लिन्समधली सेंट चार्ल्स मार्गावरची ट्राम १८३५ पासून सुरू आहे; अजूनही चालू असलेली इतकी जुनी रस्त्यावरची रेल्वे जगात दुसरी नाही. तिच्या लाकडी बाकावर बसून शहराच्या मध्यापासून ओकच्या झाडांखालच्या जुन्या घरांपर्यंत जाताना वस्ती कशी बदलत जाते, कोण कुठे चढतो आणि कुठे उतरतो, हे दिसते. ॲमस्टरडॅमच्या मध्यवर्ती स्थानकामागून आय नावाच्या जलमार्गाच्या पलीकडे जाणाऱ्या बोटी मोफत आहेत. सकाळी त्यांत कामावर निघालेली, सायकली धरून उभी असलेली माणसे पाहणे हा कोणत्याही मार्गदर्शित सहलीपेक्षा चांगला परिचय आहे. त्यानंतर एका दिवशी एकच मोठे ठिकाण, आणि बाकीचा वेळ ग्रंथालय, वनस्पती उद्यान, बाजार किंवा नदीकाठ यांना द्यावा. वयस्कर माणसे आणि लहान मुले बरोबर असतील तर दुपारी परत येऊन विश्रांती घेण्याची सोय हीच त्या प्रवासातली सर्वांत मोठी चैन ठरते. पाळीव प्राणी बरोबर असेल तर उन्हाळ्यात त्याला बंद गाडीत दिवसभर ठेवू नये. वीज गेली आणि वातानुकूलन बंद पडले तर परत पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

एका गोष्टीवर मात्र थोडे कठोर लिहिणे भाग आहे. राहत्या वस्तीतल्या रस्त्यावर रात्रभर गाडी उभी करून, जनरेटर चालवून, वापरलेले पाणी गटारात सोडून देणारे प्रवासी आपल्या सगळ्यांची दारे बंद करत आहेत. न्यूझीलंडमध्ये मोकळ्या जागी मुक्काम करण्यासाठी २०११ मध्ये खास कायदा करावा लागला आणि २०२३ मध्ये तो आणखी कडक झाला. स्वयंपूर्ण वाहन म्हणून मान्यता हवी असेल तर आता शौचालय गाडीत पक्के बसवलेले असावे लागते. हे नियम अधिकाऱ्यांच्या लहरीतून आलेले नाहीत, झुडपांमागे घाण सापडल्याने वैतागलेल्या रहिवाशांच्या तक्रारींतून आलेले आहेत. याउलट फ्रान्स आणि जर्मनीतल्या कित्येक छोट्या शहरांनी जुन्या तटबंदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर मोटारहोमसाठी अधिकृत तळ बांधले आहेत. तिथे पाणी भरता येते, मैलापाणी रीतसर सोडता येते आणि सकाळी गावात पायी जाता येते. रात्री मुक्कामाला राहणारा पाहुणा गावात अधिक वेळ घालवतो, हे त्या नगरपालिकांनी ओळखले आहे. मोठ्या शहरांनीही मेट्रोच्या शेवटच्या स्थानकांजवळ असे तळ उभारावेत, अशी मागणी आपण प्रवाशांनी सातत्याने करायला हवी, आणि जिथे ते आहेत तिथे गर्दीच्या हंगामाबाहेरही जाऊन ते वापरायला हवेत, म्हणजे वर्षभर सुरू ठेवणे त्यांना परवडेल.

निघण्याचा दिवस शक्यतो रविवार ठेवावा आणि सकाळी लवकर निघावे. टाक्या आदल्या संध्याकाळीच रिकाम्या केलेल्या असाव्यात, म्हणजे वेशीवरचे रस्ते मोकळे असतानाच पुढच्या शहराच्या दिशेने लागता येते.