अलकनंदा आणि ‘बिग बँगला धक्का’

अलकनंदा या दूरच्या दीर्घिकेवरचा (ताऱ्यांच्या प्रचंड समूहावरचा) लेख आवडला, पण ‘बिग बँगला धक्का’ हे शीर्षक काही पटलं नाही. बिग बँग, म्हणजे विश्वाच्या जन्माची कल्पनाच, या शोधाने डळमळते असं ते सुचवतं. पुण्याच्या एनसीआरए (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र) इथल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून शोधलेली अलकनंदा ही सर्पिल दीर्घिका आपल्याला दिसते ती बिग बँगनंतर साधारण दीड अब्ज वर्षांनी होती तशी. अडचणीत येतो तो एवढाच समज, की इतकी नेटकी चकती आणि दोन रेखीव भुजा घडायला यापेक्षा खूप जास्त काळ लागतो. विश्वाच्या जन्माचा प्रश्न यात आलाच कुठे?

लेखात न आलेली खरी गंमत म्हणजे ही दीर्घिका अबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या पलीकडे आहे. त्या समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने मागचा प्रकाश वळतो आणि अलकनंदा जवळपास दुप्पट तेजस्वी दिसते. फुकटात मिळालेली दुर्बीणच म्हणा ना! तिचं अंतर ठरवलंय ते २१ फिल्टरमधून मोजलेल्या तेजावरून. सविस्तर वर्णपट (प्रकाशाची तरंगलांबीनुसार केलेली फोड) मिळाला, तर चकतीतला वायू शांतपणे फिरतोय की ढवळून निघालाय ते कळेल. वर्षाला सुमारे ६० सूर्यांच्या वस्तुमानाइतके तारे तिथे जन्मतात, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या आजच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त. एवढ्या धामधुमीत भुजा टिकल्या कशा? एखाद्या शेजारच्या दीर्घिकेच्या ओढीने उठल्या, की चकतीतल्या घनतेच्या लाटांमुळे, म्हणजे तारे-वायूच्या दाटीच्या फिरत्या पट्ट्यांमुळे? लेखकाने पुढचा लेख यावर लिहावा. शीर्षक मात्र संपादकांना देऊ देऊ नये!